डाव्या मागच्या चाकापाशी

८ डिसेंबर, सोमवार

नोकरी पक्की झाली. सकाळी साडेनऊला खुद्द रणधीर साहेबांनी फोन करून तसं सांगितलं, आणि दुपारी अडीचला मी येरमाळ्याहून जळकोटला येऊन उतरलेसुद्धा. एक बॅग, खाकी कपड्यांचे दोन जोड आणि ही वही.

वहीची सवय एसटीच्या प्रशिक्षणातली. मास्तर सांगायचे, गाडी बाहेर काढताना आणि आत लावताना चार ओळी लिहा. लिहून ठेवलेलं असलं की तुमच्या नावावर कुणी काही खपवू शकत नाही. प्रशिक्षण पार पडलं, परीक्षा पास झाले, प्रतीक्षा यादीत नाव आलं. आता फक्त पोलिस पडताळणी राहिली आहे. ती झाली की एसटीचं स्टिअरिंग माझ्या हातात. तोवर घरी बसून हात गंजवण्यापेक्षा हे बरं.

बंगला हायवेपासून आत, ज्वारीच्या रानाला लागून. साहेबांचं खडी क्रशर आहे. माणसं बोलायला मोकळी. मागच्या आठवड्यात मुलाखतीला आले तेव्हा राजेश्वरी वहिनींनी मला पाठीला पाठ लावून उभं केलं होतं आणि हसून म्हणाल्या होत्या, सारखीच की गं आपली उंची! लायसन्स त्यांनी नंतर पाहिलं.

गाडी पांढरी, मोठी, दसऱ्याला घेतलेली. आत बसले आणि नवल वाटलं. सीट पुढं-मागं करावीच लागली नाही. पाय ब्रेकवर बरोबर पोचला, तिन्ही आरसे जागच्या जागी. मापं घेऊन शिवलेल्या ब्लाऊजसारखी गाडी बसली.

स्वयंपाकाच्या गजराबाईंनी गरम भाकरी आणि शेंगाची चटणी वाढली. वाढता वाढता म्हणाल्या, "बाई, एवढी मोठी गाडी तू चालवणार, का गाडी तुला चालवणार?" मी म्हटलं, मावशी, मी बावन्न माणसं बसवलेली गाडी घाटातून उतरवली आहे. तर म्हणाल्या, "मग व्हय. मग आमच्या वहिनीसायबापेक्षा बरी चालवशील." आणि एकदम चुलीकडं वळल्या.

९ डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस स्क्रीनपुढं गेला. डॅशबोर्डवर हातभर लांबीची स्क्रीन आहे आणि सगळं तिच्यातच. उजेड कमी-जास्त, अक्षरं लहान-मोठी, भाषा, घड्याळ. मी मराठी लावली. उजेड निम्म्यावर आणला, कारण समोर ऊन आलं की डोळे दिपतात. गाडी वरून कशी दिसते तेही चित्र येतं. चारी बाजूंना कॅमेरे आहेत, त्यांचं मिळून ते चित्र बनतं. जणू आपण झाडावर बसून आपल्याच टपाकडं बघतोय. गंमत वाटली.

प्रत्येक ड्रायव्हरचं नाव वेगळं ठेवता येतं. मग सीट, आरसे, आवाज सगळं त्याच्या त्याच्या मापानं लागतं. मी नवीन नाव जोडायला निघाले तर वहिनी म्हणाल्या, नवीन कशाला, पहिलं आहे त्याचंच नाव बदल, मापं तर जुळतातच. साहेबांनी येऊन त्यांचा नंबर टाकला, त्याशिवाय नाव बदलत नाही. मी माझं नाव लिहिलं. लगेच गाडी बाईच्या आवाजात बोलली, "नमस्कार, ज्ञानेश्वरी."

खोटं कशाला लिहू, अंगावर काटा आला आनंदानं. फोटो काढून आईला पाठवला.

एक गोष्ट खटकली. मागं काही आडवं आलं तर गाडी पीं-पीं करते, तो आवाज बंद करून ठेवलेला होता. वहिनी म्हणाल्या, डोकं उठतं त्यानं. मी चालू केला. रिव्हर्स घेताना तो आवाज लागतोच.

संध्याकाळी साहेबांनी हजेरीच्या कागदावर सह्या घेतल्या, एक नोव्हेंबरपासूनच्या. म्हणाले, अनुभवाचा दाखला थोडा जुना दिसला तर एसटीत तुझ्याच कामाला येईल. किती विचार करतात माणसं.

१० डिसेंबर, बुधवार

अणदूरला खंडोबाच्या देवळात जाऊन आलो. या घराची रीत आहे म्हणे. नवा ड्रायव्हर बेल-भंडार उचलून शब्द देतो, मगच गाडी त्याच्या ताब्यात येते. दुपारची वेळ, देवळात फारसं कुणी नव्हतं. साहेब घाईत होते. आतही गेलो नाही, पायरीवरच उरकलं. दगड गार होता, म्हणून पायरीवर कुणीतरी घडी घालून ठेवलेल्या काळ्या घोंगडीवर मी अनवाणी उभी राहिले. हातात बेलाचं पान आणि मूठभर भंडारा. साहेबांनी सांगितलं तसं म्हटलं: ही गाडी माझ्या हातात, हिचं झालेलं आणि होणारं बरं-वाईट माझ्या नावावर.

साहेबांनी मोबाइलवर व्हिडिओ घेतला. वहिनी गाडीतून उतरल्या नाहीत. काच वर करून बसल्या होत्या.

परत आल्यावर माझ्या बोटांचा भंडारा स्क्रीनला लागला. कापडानं पुसला. कडेच्या फटीत थोडा राहिलाच.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी सहाला उठून गाडी तयार केली. टायरची हवा, काचेचं पाणी, सीट, आरसे, पट्टा, मग स्क्रीन. आज दोन गोष्टी बदललेल्या होत्या. मागचा पीं-पीं आवाज पुन्हा बंद. आणि डावा आरसा खाली झुकलेला, थेट मागच्या चाकाकडं. त्यात रस्ता दिसत नव्हता, चाक आणि चाकापुढची माती दिसत होती.

दोन्ही नीट केलं. वरून दिसणाऱ्या चित्रात डाव्या मागच्या चाकापाशी काळा डाग होता. उतरून पाहिलं, जमीन कोरडी. कॅमेऱ्याला चिखल लागला असणार. पुसला.

१३ डिसेंबर, शनिवार

वहिनी दर शनिवारी चारी चाकांखाली लिंबू ठेवायला लावतात. गजराबाईंनी ठेवायची, मी गाडी चार हात पुढं घेऊन चिरडायची. आज तीन चाकांखाली ठेवली. डावं मागचं राहिलं. मी हाक मारली तर म्हणाल्या, "त्या चाकाला म्या वाकत न्हाय." लिंबू मीच ठेवलं.

आवाज बंद. आरसा खाली. डाग तिथंच.

तीनही गोष्टी पुन्हा नीट केल्या. वहिनींना विचारलं, गाडीला कोण हात लावतं? त्या म्हणाल्या, तुझंच नाव आहे की तिच्यावर, तूच लावत असशील.

१५ डिसेंबर, सोमवार

डाग हलला आहे. आज तो मागच्या दारापाशी आहे. चारी कॅमेरे साबणानं धुतले, शोरूमच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, कॅमेरा खराब असता तर डाग एकाच जागी दिसला असता.

मी खाली उतरले, मागच्या दारापाशी जिथं डाग होता तिथं जाऊन उभी राहिले, आणि आत मोबाइलवर स्क्रीनचं शूटिंग चालू ठेवलं. परत येऊन पाहिलं. चित्रात मी होते आणि माझ्या शेजारी तो होता. माझ्या खांद्याला लागून. डोक्यावरून खाली ओघळलेलं काहीतरी, घोंगडीसारखं.

दुपारी गजराबाईंना धरून बसवलं. आधी म्हणाल्या, मला काही ठाऊक न्हाय. मग पदर तोंडाला लावून, साहेब-वहिनींच्या बोलण्यातून कानावर आलेलं सगळं सांगितलं.

२२ नोव्हेंबरची संध्याकाळ. वहिनी एकट्या गाडी घेऊन गेल्या होत्या. अणदूरच्या अलीकडं वळण चुकलं म्हणून सर्व्हिस रोडवर त्यांनी गाडी मागं घेतली. सिदू धनगर मेंढरं बसवून रस्त्याच्या कडेला टेकला होता. पीं-पीं बंद होतं. डावं मागचं चाक. चार मिनिटं गाडी थांबली आणि निघून आली. पंपावरच्या कॅमेऱ्यात पांढरी गाडी दिसली, आत बाई दिसली, तोंड दिसलं नाही. डिसेंबर लागल्यावर पोलिस चौकशीला बंगल्यावर येऊन गेले. साहेबांनी त्यांना सांगितलं, गाडी आमची ड्रायव्हर चालवत होती.

तेव्हा या घरात ड्रायव्हर नव्हतीच. मग त्यांनी शोधली. बाईच हवी होती. उंचीनं सारखी.

मी गाडीत जाऊन स्क्रीनवर जुन्या फेऱ्या उघडल्या. २२ नोव्हेंबर, संध्याकाळी ५.४०. थांबा चार मिनिटं. ड्रायव्हर: ज्ञानेश्वरी.

माझ्या हातानं लिहिलेलं नाव. नवीन जोडलं असतं तर माझ्यापासून सुरू झालं असतं. जुन्यावर लिहिलं, म्हणून जुनं सगळं माझं झालं.

१६ डिसेंबर, मंगळवार

साहेबांपुढं जाऊन उभी राहिले. आवाज चढला माझा, चढणारच होता. ते चहा पीत होते. चहा संपेपर्यंत त्यांनी मला बोलू दिलं.

मग शांतपणे म्हणाले, शनिवारी सकाळी दहाला पोलिस येतील, गाडीतली सगळी नोंद काढून नेतील. तुला दोन तासांत जामीन. वकील माझा. एसटीचं मी बघून घेतो. मी म्हटलं, गुन्हा दाखल झाला की पडताळणीत माझं नाव कटतं, ते कोण बघणार? तर म्हणाले, सह्या तुझ्या, फोटो तू आईला पाठवलास, बेल-भंडार उचलल्याचा व्हिडिओ आहे. पळून गेलीस तर 'चालक फरार' असं छापून येईल, मग मलाही काही करता येणार नाही.

आणि शेवटी, "ज्ञानेश्वरी, देवापुढं शब्द दिलायस तू."

वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी नजर खाली केली नाही. उलट मला म्हणाल्या, गाडी धुवून ठेव.

धुतली. का धुतली? सांगितलं तशी बादली उचलली. मला माझाच राग येतो आहे. आठ महिने प्रशिक्षण घेतलं, चाक बदलायला शिकले, घाट शिकले, आणि सही करण्याआधी तारीख वाचायला शिकले नाही.

पण पळणार नाही. शनिवारी इथंच असेन. ही वही शनिवारी पोलिसांच्या हातात द्यायची आहे. म्हणून सगळं लिहिते आहे, डागासकट. वेडी म्हणतील तर म्हणोत.

१७ डिसेंबर, बुधवार

डाग आता पुढच्या डाव्या दारापाशी.

नाव पुसायचा प्रयत्न केला. नंबर मागतो. चार वेळा चुकीचा टाकला. स्क्रीन काळी झाली, मग उजळली. "नमस्कार, ज्ञानेश्वरी." गाडी बंद होती. किल्ली माझ्या खिशात होती.

१८ डिसेंबर, गुरुवार

अणदूरला गेले. एसटीने, गाडीने नाही. सिदूची बायको म्हाळसाबाई गावाबाहेर मेंढरांच्या वाड्यावर असते. मेंढरं बसली होती, ती लोकर निवडत होती. मी नाव सांगितलं मात्र, ती उठून उभी राहिली.

"तूच का ती? तुझंच नाव आलंय माझ्या कानावर. माझा मालक चिरडून चार मिनटं बघत बसलीस, आन् आता तोंड दाखवायला आलीस?" मूठभर माती उचलून तिनं माझ्या अंगावर फेकली. मी हलले नाही. वही काढली आणि पहिल्या पानापासून तिला वाचून दाखवली. उंची, सीट, सह्या, नाव. 

देवळाच्या पायरीवरचं वाचलं तेव्हा तिनं मला थांबवलं. तारीख पुन्हा विचारली. मग हसली. असलं हसणं मी ऐकलेलं नाही.

म्हणाली, "आगं येडे, देव तवा अणदुरात न्हवताच. देव ह्या दिसांत नळदुर्गाला असतोय, पौष पुनवंला माघारी येतो. समद्या मुलखाला ठावं हाय. रिकाम्या देवळात कसली शप्पत?"

मला रडू फुटलं, इतकं बरं वाटलं. शब्द कुणीच ऐकला नाही तर शब्दच नाही. येरमाळ्याच्या पोरीला अणदूरच्या देवाचं येणं-जाणं माहीत नव्हतं. साहेबांना बहुतेक ते माहीत होतं, आणि रिकामं देऊळच हवं होतं. देवापुढं खोटं करायची त्यांचीही छाती झाली नसणार. तरीच आत गेले नाहीत.

पण म्हाळसाबाई माझ्या पायांकडं बघत होती. घोंगडीवर उभी राहिलीस म्हणालीस, कसली घोंगडी? मी सांगितलं, काळी, जुनी, एका कोपऱ्याला लाल दोऱ्याचं ठिगळ.

ती हळूच खाली बसली. "ते माझ्या मालकाचं हाय. अंगावर हुतं त्या दिशी. तेराव्याला म्याच ठिवलं पायरीवर. देव माघारी आला की पयलं त्येच बघंल आन् न्याय करंल म्हणून." मग म्हणाली, "देव न्हवता, पोरी. ह्यो हुता. तू त्याच्या घोंगड्यावर हुभी ऱ्हाऊन त्यालाच तुझं नाव सांगितलंस."

मी विचारलं, आता काय करू? म्हणाली, ज्याला शब्द दिला त्याच्याचपुढं माघारी घे. आणि खरं नाव सांग. त्याला लिहायला-वाचायला येत नव्हतं, जे ऐकलं तेच तो धरून बसला असंल.

निघताना तिनं माझ्या खांद्यावरची माती झटकली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

गजराबाई पहाटेच गावी निघून गेल्या. भांडी तशीच.

चित्रात आज डाग नाही. चारी बाजू स्वच्छ. गाडीभोवती काही नाही.

आत लोकरीचा वास येतो आहे. ओल्या लोकरीचा.

मागच्या सीटवर डाव्या बाजूला भंडारा सांडला आहे. पुसला. पुन्हा —

बोलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. उद्या. पोलिस यायच्या आधी, उद्या नक्की.

२० डिसेंबर, शनिवार. सकाळी ९.१५

साहेबांनी आत्ताच सांगितलं, पोलिस दहाला पोचतात. मी अंगणात गाडीत बसले आहे. वही स्टिअरिंगवर.

म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. शब्द माघारी घेते. २२ नोव्हेंबरला मी इथं नव्हते. गाडी राजेश्वरी चालवत होत्या. पीं-पीं त्यांनी बंद केलं होतं. चार मिनिटं त्या थांबल्या, आणि उतरल्या नाहीत. माझ्या नावावर काही नाही.

तीन वेळा म्हटलं. रागानं म्हटलं. कुणीतरी मला धरून ठेवल्यासारखा राग होता तो, तो सगळा बाहेर आला.

९.२१

मागची सीट करकरली. वजन उचलल्यासारखी. लोकरीचा वास गेला.

स्क्रीन आपोआप उजळली. "नमस्कार, राजेश्वरी."

नाव बदललं. नंबर कुणी टाकला नाही. मी हसले. इथं आल्यापासून पहिल्यांदा पोटातून हसले. दहा वाजता पोलिस येतील तेव्हा स्क्रीनवर हेच नाव असेल.

९.२६

डाग परत आला. जिथून सुरू झाला होता तिथंच. डावं मागचं चाक.

डावा आरसा खाली गेला. मी हात लावलेला नाही.

आज शनिवार. गजराबाई नाहीत. वहिनी स्वतः बाहेर आल्या आहेत, लाल साडी, एका हातात लिंबं, कानाला फोन. पुढच्या दोन चाकांना ठेवली. उजव्या मागच्याला ठेवलं —

गाडी सुरू झाली. किल्ली माझ्या खिशात —

स्क्रीनवर आर. रिव्हर्स. मी गिअर टाकलेला नाही. दोन्ही पाय ब्रेकवर आहेत, ब्रेक खाली जातच नाही. मागचा आवाज बंद. हॉर्न दाबते आहे, वाजत नाही. ओरडले. काचा वर, त्यांच्या कानाला फोन —

त्या वळल्या. डाव्या मागच्या चाकापाशी वाकताहेत. आरशात लाल साडी, हातात लिंबू. त्यांच्या शेजारी काळं —

सिदूबाबा, नको. मला हे नको होतं. असं नको —

नाव त्यांचं आहे, पण सीटवर मी आहे. दहाला पोलिस येतील, गाडी कोण चालवत होतं म्हणून विचारतील, साहेब माझं नाव सांगतील, आणि या वेळी ते खरं अस